अष्टपादाचं दुखणं

झाकणाची कल्पना माझी होती आणि ती चांगलीच होती, हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यावरून लोक झाकणाला नावं ठेवतात. पण टाकीवर जाड काच आणि काचेवर वरवंटा, ही व्यवस्था शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती. दोष असलाच तर वरवंट्याच्या गोलाईचा, आणि वरवंटा काही मी घडवलेला नाही.

मी आदिनाथ. बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मृदुकाय प्राणी हा माझा हातखंडा विषय. आमच्या प्रयोगशाळेत एका बरणीत एक अष्टपाद आहे. लोक त्याला ऑक्टोपस म्हणतात. मी नोकरीला लागायच्या आधीपासून तो फॉर्मॅलिनमध्ये आहे आणि त्याने माझं एकही विधान आजवर खोडून काढलेलं नाही. त्यामुळे आमच्या मुलीने, संस्कृतीने, रत्नागिरीहून एक जिवंत अष्टपाद आणून आमच्या बैठकीत ठेवला तेव्हा मी जराही गडबडलो नाही. ती तिकडे मत्स्यशास्त्राच्या नोकरीत आहे. जाळ्यात सापडलेलं हे पोर तिने वाढवलं होतं आणि आता तिला प्रशिक्षणासाठी परदेशी जायचं होतं. टाकी, पंप, पाण्यात कालवायचं समुद्री मीठ, खारेपणा मोजायची काचेची नळी, सगळं मांडून देऊन ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला तर सगळं माहीतच आहे." मुलगी गुणाची आहे.

माझ्या पत्नीने, वनमालाने, पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला आणि आठवड्याच्या आत त्याचं नाव सोन्या ठेवलं. तिच्या माहेरी, तेलगावला, दावणीतल्या लाडक्या बैलाचं नाव सोन्या असायचं. आमचं घर माळकरी. अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. पण सोन्याला खेकडे लागतात म्हटल्यावर वनमाला स्वतः चिमट्याने खेकडा द्यायला लागली. आधी खेकड्याला हात जोडायची, मग डोळे मिटून चिमटा पाण्यात घालायची. मुलगी गेल्यावर घरात बोलायला माणूस नव्हतं. म्हणजे मी होतो, पण मी एकदा बोलायला लागलो की तिची पाळी येत नाही. सोन्या मात्र ऐकून घ्यायचा. ती टाकीसमोर बसून शेंगा सोलायची आणि दिवसभरातलं सगळं त्याला सांगायची, आणि तोही काचेला डोळा लावून बसायचा.

एके सकाळी तो टाकीतून निघून मोरीत कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत जाऊन बसला. वनमाला म्हणाली, वरून जाळी शिवून बसवू. मी म्हटलं, जाळी म्हणजे काही शास्त्र नव्हे. मी काच आणली, तिच्यावर वरवंटा ठेवला आणि त्या दिवशी मला फार शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाई विरजण मागायला आल्या. घरात नवी व्यवस्था झालेली असताना ती कुणाला दाखवायची नाही, हा काही माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, "वच्छलाबाई, आता यातून माणूससुद्धा बाहेर येऊ शकणार नाही." हे सिद्ध करण्यासाठी मी काचेची एक कड जराशी उचलली. काय चाललंय ते बघायला सोन्याने एक हात वर काढला. वरवंटा लोळला, काच निसटली आणि त्याच्या हाताचं टोक, माझ्या करंगळीएवढं, काठाखाली चिरडलं. पाण्यात निळसर काहीतरी पसरायला लागलं. वच्छलाबाईंनी तोंडाला हात लावला. मी त्यांना लगेच समजावून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, या प्राण्याचं रक्त निळंच असतं.

हे सांगणं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण वनमाला नेमकी तेव्हाच दारात आली.

"बघा बाई," ती वच्छलाबाईंना म्हणाली, "त्याचा हात तुटलाय अन् हे शिकवायलेत." मग तिने भिंतीकडे बघून जाहीर केलं, "ह्याचा हात परत येईस्तोर मी ह्या माणसाशी बोलायची न्हाई."

खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. अष्टपादाचा तुटलेला हात पुन्हा उगवतो. मी हे इतकी वर्षं शिकवत आलो आहे. म्हणजे अबोल्याला मुदत होती आणि ती मुदत निसर्गाने ठरवून दिलेली होती. एवढंच की त्या धड्यात एक गोष्ट दिलेली नाही. हात उगवायला आधी प्राणी जगावा लागतो. सोन्याने खाणं सोडलं. तळाशी ठेवलेल्या मडक्यात तो शिरून बसला, आणि समोर खेकडा नाचला तरी बाहेर बघेना.

अबोला कसा चालायचा तेही सांगतो, कारण आमच्या कॉलनीत त्याबद्दल बरंच चुकीचं बोललं जातं. वनमाला माझ्याशी बोलत नव्हती, पण माझ्याविषयी सोन्याशी बोलायची. "सोन्या, वरण गार व्हायलंय म्हणावं." "सोन्या, लाइटबिल भरलं का न्हाई इचार." मग मीही सोन्याला सांगायचो की बिल भरलं आहे. मडक्यातून काही उत्तर यायचं नाही. तरी निरोप पोहोचायचे. एकदा कॉलेजातून आल्यावर घरात ती नव्हती, तरीही मी टाकीसमोर उभा राहून, प्राचार्यांनी माझ्या तासाची वेळ बदलली हे सगळं सविस्तर सांगितलं. माणसाला सवय लागते.

संस्कृतीचा फोन आला. ती म्हणाली, पाणी स्वच्छ ठेवा, अंधार ठेवा, गडबड होऊ देऊ नका, कुणाला हात लावू देऊ नका, त्याने खाल्लं तर तो वाचेल. वनमालाने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मी म्हटलं, हे मला माहीतच होतं, तरी एकदा तज्ज्ञाला दाखवून घेतो. तज्ज्ञ म्हणजे अर्थात दुसरा, पदवीवाला.

जनावरांच्या दवाखान्यात गेलो तर खुर्चीत धर्मराज. माझा जुना विद्यार्थी. उठून पाया पडला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी मोबाइलवर सोन्याचा फोटो दाखवला. त्याने तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला आणि संगणकाकडे वळला.

"सर, बिल्ला नंबर सांगा."

"कसला बिल्ला?"

"कानातला. बिल्ल्याचा नंबर टाकल्याशिवाय उपचाराचं पान उघडतच न्हाई आता. गाय असो, शेळी असो, आधी कानात बिल्ला."

"धर्मराज, याला कान नसतात."

"बारीक असतील सर. बगा नीट."

मी म्हटलं, "अरे, मृदुकाय प्राण्यांना बाह्यकर्ण नसतो. मीच तुला शिकवलंय ना हे?"

धर्मराज खाली मान घालून म्हणाला, "न्हाई सर. तो धडा तुमीच ऑप्शनला टाका म्हणलं होतं."

त्या वर्षी अभ्यासक्रम फार मोठा होता. मी विषय बदलला. त्याने अगदी मनापासून सल्ला दिला की पाण्यात राहतो त्याअर्थी मत्स्य कार्यालयात विचारा. तिथे गेलो. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "हा मासा आहे का?" एका शब्दात 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मी शिक्षक आहे. मी त्यांना मासा कशाला म्हणतात, पाठीचा कणा म्हणजे काय आणि अष्टपाद हा माशापेक्षा गोगलगायीला कसा जवळचा आहे, हे सगळं नीट सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मासा न्हाई. मग इथं कशाला आलात?" आणि वर, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, जिथे समुद्र आहे तिथे अर्ज करा, असा मार्गही दाखवला. खरं बोलणाऱ्याची सरकारात ही गत होते.

इकडे बातमी फुटली होती. फोडली वच्छलाबाईंनी, हे उघड आहे. आता आमच्याकडची रीत अशी की कुणी दुखण्यात पडलं की भेटायला जायचं. न गेलं तर ते पुढच्या दोन लग्नांपर्यंत लक्षात ठेवतात. मला वाटत होतं की ही रीत माणसांपुरती आहे. तो माझा गैरसमज पहिल्यांदा मुंजाजीने दूर केला.

मुंजाजी माझा चकलांब्याचा बालमित्र. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तो दारातूनच ओरडला, "आद्या, फोन कावून केला न्हाईस बे? येवढं जनावर जायबंदी झालं अन् आमाला बाहेरून कळावं?"

"अरे, बैल नाही तो. पाण्यातला प्राणी आहे."

"मग? बैलाला भेटायला येतो अन् ह्याला न्हाई यायचं? त्याचा जीव जीव न्हाई का?"

मुंजाजीने पिशवीतून बांबूच्या कामट्या, हळद, तेलाची बाटली आणि जुन्या धोतराच्या चिंध्या काढल्या. मेंढीचा मोडलेला पाय बांधण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या गेवराई तालुक्यात कुणी नाही, असं तो स्वतः सांगतो. मी अडवीपर्यंत त्याने बाही सरकवून पाण्यात हात घातला आणि मडक्यातल्या सोन्याला बोटाने चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग ओला हात बाहेर काढून तो माझ्याकडे वळला.

"आद्या, ह्यात हाडच न्हाई बे."

"नसतंच."

"मग बांधू काय?" तो खाली बसला. त्याचा विरस मला बघवेना. चहा पिऊन झाल्यावर तो कामट्या तशाच घेऊन गेला. पण चकलांब्यात जाऊन त्याने काय सांगितलं ते देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले.

येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. कुणी बिस्किटांचे पुडे आणले, कुणी मोसंबी, कुणी नारळ. टाकीच्या बाजूला पुड्यांची चळत लागली. प्रत्येक जण आधी काचेतून मडक्याकडे बघायचा, "दिसत न्हाई की," म्हणायचा आणि मग खुर्चीत बसून विचारायचा, "कसं काय झालं म्हणायचं?" भेटायला आलेल्याला हे सांगावंच लागतं. मी सुरुवात करायचो, "काचेच्या वजनाचं गणित असं होतं," आणि तेवढ्यात वच्छलाबाई गोष्ट हातात घ्यायच्या. त्यांच्या गोष्टीत वरवंटा रोज थोडा मोठा होत होता. शेवटी सगळे माझ्याकडे बघायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "वरवंट्याच्या जागी पाटा ठेवला असता तर लोळला नसता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता पाटा बघितला तरी मला अपमान वाटतो.

दगडाबाई नावाच्या एक आजी आल्या, त्यांनी मीठ-मिरच्यांनी सोन्याची दृष्ट काढली आणि मिरच्या आमच्याच गॅसवर जाळल्या. सगळी बैठक खोकत बाहेर पडली. संस्कृतीने सांगितलेली शांतता ती हीच का, असं वनमालाने सोन्याला विचारलं. ती हे हसून म्हणाली नव्हती. ती रोज चिमट्यात खेकडा धरून मडक्यापाशी उभी राहायची, हात भरून येईपर्यंत, आणि मग खेकडा परत घमेल्यात सोडायची. तिचा चेहरा उतरला होता. मी एकदा म्हटलं की अष्टपाद बरेच दिवस उपाशी राहू शकतो, आणि उत्तर म्हणून स्वयंपाकघराचं दार लागलं.

अशात सुंदररावकाका आले. वनमालाचे चुलते, तेलगावची असामी. ऊस, कापूस, दोन ट्रॅक्टर, आणि तीनदा निवडणुकीला उभे राहिलेले. निवडून एकदाही आले नाहीत, पण उभे मात्र फार रुबाबात राहिले. दोन गाड्या भरून माणसं घेऊन ते आले. शाल आणि नारळ होताच. "जावईबापू, पाव्हण्याचा मान राखला पायजे," म्हणत त्यांनी शाल उलगडली आणि टाकीसमोर थबकले. सोन्याला खांदा कुठला, हा प्रश्न त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनाही सुटला नाही. शेवटी शाल टाकीच्या एका कडेला पांघरली.

वनमाला घरात नव्हती. ताजे खेकडे बघायला ती स्वतः बाजारात गेली होती, कारण मी आणलेल्या खेकड्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता. समोर इतके लोक गप्प बसलेले, आणि मी उभा. असा वर्ग कॉलेजात मिळत नाही. मी बोलायला लागलो. अष्टपादाला तीन हृदयं असतात हे सांगितलं, तेव्हा सुंदररावकाकांनी मान डोलावली. मग मी माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे वळलो. आपल्या रक्तात लोह असतं म्हणून ते लाल, याच्या रक्तात तांबं असतं म्हणून ते निळं. सगळे अवाक् झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीतलं ते माझं सर्वोत्तम व्याख्यान होतं, हे आजही सांगतो. मी समाधानाने चहा करायला आत गेलो. अबोला चालू असल्यामुळे पाहुण्यांचा चहा माझ्याकडेच होता.

मी आत असताना बाहेर जे झालं ते मला नंतर कळलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंला रक्त कमी झालतं तवा डाक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या. ह्याचं तर येवढं रक्त गेलंय. ह्याला तांबंच द्यायला पायजे की." यात चूक कुठे आहे ते कुणालाच दिसेना. सुंदररावकाकांना तर हे फारच पटलं. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात निजामाच्या वेळचा एक तांब्याचा ढब्बू पैसा असतो. प्रत्येक निवडणुकीला ते तो जवळ ठेवतात. तो त्यांनी काढला, कपाळाला लावला आणि टाकीत सोडला. एवढ्या मोठ्या माणसाने पैसा सोडल्यावर बाकीचे कसे मागे राहणार. पवित्र पाण्यात नाणं सोडायची आपल्याला सवय आहेच. पिवळी पाचाची नाणी पडली. एकाने बोटातली तांब्याची अंगठी सोडली. वच्छलाबाईंनी घरी पळत जाऊन तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी आणलं, औषधी म्हणून, आणि ते वरून ओतलं.

मी ट्रे घेऊन बाहेर आलो तर टाकीचा तळ लखलखत होता.

तांबं या प्राण्याच्या रक्तात असतं हे खरं. पण पाण्यात उतरलेलं तांबं त्याला विष आहे. पोटात भाकरी असते म्हणून कुणी नाकात भाकरी घालत नाही. हे व्याख्यानात पुढे येणारच होतं. मी चहा पिऊन सांगणार होतो.

ट्रे कुणाच्या हातात दिला आठवत नाही. मी इस्त्रीच्या सदऱ्यासकट दोन्ही हात टाकीत घातले आणि नाणी वेचायला लागलो. सोन्याला वाटलं असेल की वरवंटेवाला पुन्हा आला. त्याने शाई सोडली. क्षणात टाकी काळी झाली, नाणी दिसेनाशी झाली आणि एक फवारा माझ्या तोंडावर आला. मागून कुणीतरी समाधानाने म्हणालं, "लागू पडलं औषध."

दारात वनमाला उभी होती, हातात खेकड्यांची पिशवी. तिने काळं पाणी बघितलं, माझं तोंड बघितलं, टाकीवरची शाल बघितली. ती रागावली नाही. ती घाबरली होती, आणि तिला तसं मी कधी बघितलं नव्हतं. तिने टाकीच्या काचेवर हात ठेवला.

"सोन्या," ती म्हणाली, "ह्यांना सांग, अंगणातलं टिपाड रिकामं करा म्हणावं."

पाण्याचं टिपाड, म्हणजे मोठं पिंप, ओतणं म्हणजे काय, हे बीडमध्ये राहिल्याशिवाय कळायचं नाही. नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. ते निळं टिपाड भरलेलं असलं की आम्ही निर्धास्त असतो. पण त्यातलं क्लोरीनचं पाणी सोन्याला चाललं नसतं, म्हणून मी एक शब्द न बोलता ते आडवं केलं. वच्छलाबाई धावत बादल्या लावायला लागल्या. सुंदररावकाकांनी फोन लावला आणि म्हणाले, "जारवाल्याला म्हणावं, लग्नाला चाललेल्या गाडीतलं सगळं पाणी हिकडं आण, लगीन मोडलं तरी चालंल." जारच्या पाण्याची गाडी आली. हॉलमधला माझा श्रोतृवर्ग रांगेत उभा राहून जार ओतायला लागला. समुद्री मीठ टाकीला पुरेल एवढं उरलं नव्हतं, टिपाडापुरतंच होतं. मी मीठ कालवलं, नळीने खारेपणा बघितला. असं पाणी खरं तर एक दिवस मुरू द्यायचं असतं. एक दिवस आमच्याकडे नव्हता.

काळ्या पाण्यात हात घालून मी मडकं शोधलं. मडकं काही सुटेना, त्यातून सोन्या मात्र निघाला आणि माझ्या हातावर चढला. मनगट, कोपर, वर दंड. सात हात आणि एक थोटूक. सगळ्यांनी वाट करून दिली. मी त्याला तसाच घेऊन अंगणात गेलो आणि टिपाडात हात घातला. त्याने सोडायला हवं होतं. तो सोडेना. हात बाहेर काढू गेलो तर तोही बरोबर वर यायला लागला. शेवटी वनमालाने एक स्टूल आणून ठेवलं आणि मी खांद्यापर्यंत हात टिपाडात बुडवून त्यावर बसलो.

आणि लाइट गेली. टिपाडात सोडलेला हवेचा पंप बंद पडला. आता पाण्यात हवा मिसळायची तर पाणी हलत राहायला पाहिजे. हलवायला माझा हात आत होताच. मी सोन्यासकट हात हळूहळू गोल फिरवत राहिलो, जात्यावर बसल्यासारखा. त्याचा रंग ज्वारीच्या पिठासारखा पांढरा पडला होता. लोक भोवती उभे राहून मोबाइलमध्ये फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी त्यातला एक फोटो सगळीकडे फिरला, खाली लिहिलेलं होतं, 'राक्षसी प्राण्याने प्राध्यापकाचा हात पकडला, नागरिकांत घबराट'. प्राचार्यांनी मला बोलावून, प्राणी कॉलेजच्या मालकीचा आहे का, असं विचारलं. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या वेळी मला फोटोचं भान नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हा हातातला जीव गेला तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल. इतकं सगळं माहीत असून मला एक गोष्ट येत नव्हती, आणि ती म्हणजे त्याला धीर देणं. म्हणून मी नुसता हात फिरवत राहिलो.

हळूहळू गर्दी पांगली. सुंदररावकाका जाताना हळूच म्हणाले, "जावईबापू, तो ढब्बू पैसा सापडला तर राहू द्या तुमच्याकडंच. तसाबी मला लागू पडला न्हाई."

उजवा हात टिपाडात असल्यामुळे जेवण शक्य नव्हतं. वनमाला ताट घेऊन आली आणि दुसऱ्या स्टुलावर बसली. तिने पिठल्यात भाकरी कुस्करली आणि घास माझ्या तोंडापुढे धरला. तिने मला असं भरवल्याला बरीच वर्षं झाली असतील. वच्छलाबाई भिंतीवरून बघत होत्या. त्यांच्यासमोर हे होणं मला बरं वाटलं नाही, पण भूक लागली होती. तोंडावर शाई तशीच होती, ती तिने पदराने पुसली.

लाइट आली. पंप बुडबुडायला लागला. दिवस कलताना एक हात माझ्या दंडावरून सुटला. मग दुसरा. सोन्याच्या पांढऱ्यावर आधी एक तपकिरी ठिपका उमटला, मग आणखी. वनमालाने चिमट्यात खेकडा धरला आणि या वेळी हात जोडायला विसरली. बराच वेळ काही झालं नाही. मग पाण्यातून एक हात आला आणि त्याने खेकडा ओढून नेला. वनमाला टिपाडाच्या काठावर डोकं टेकून रडली. मी म्हटलं, "सोन्या, त्यांना म्हणावं, आता जगतोस तू."

पुढचं सोपं होतं. मीठ मागवलं, टाकी घासली, नाणी वेचून देवाला दिली. वनमालाने जाळी शिवली. जाळीत सुधारणा करायच्या मला दोन-तीन जागा दिसल्या होत्या, पण मी त्या कुणाला सांगितल्या नाहीत. भेटायला येणाऱ्यांसाठी तिने दारावर सुतकासारखी गंभीर पाटी लावली, 'पेशंट झोपलाय'. आलेली सगळी बिस्किटं वच्छलाबाईंच्या घरी गेली. अबोला चालूच होता, कारण तो हाताच्या बोलीवर होता, जिवाच्या नव्हे.

मग एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलो असताना हाक आली.

"अहो. हिकडं या."

मी सोन्याकडे बघितलं, निरोप त्याच्याकडून येतो या सवयीने. पण ती मलाच बोलावत होती. थोटकाच्या टोकाला मेथीच्या देठाएवढा कोवळा कोंब फुटला होता, त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक चोषक. सोन्याने तो काचेला लावला होता. आम्ही दोघं खाली बसून बघत राहिलो. पुनर्जननावर बोलायला माझं तोंड उघडलं होतं. ती आधी बोलली.

"किती जगतंय हो हे?"

हे मला माहीत आहे. हे मी शिकवतो. या जातीचा अष्टपाद वर्षभर जगतो, फार तर दीड. सोन्या आमच्याकडे आला तेव्हाच त्याचं अर्धंअधिक आयुष्य सरलं होतं. नवा हात पुरता वाढेल, आणि त्यानंतर फार काही उरणार नाही. एका वाक्याचं उत्तर होतं, आणि विचारणारी इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून विचारत होती.

"काय की," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

तिने पदराने काच पुसली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पोरीनं जातानाच सांगितलंय. तुमी आज आकडा सांगितला असता ना, तर परत बोलले नसते."

मग तिने मला पिशवी दिली आणि खेकडे आणायला पाठवलं.